पहिला चीक वासराचा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

भाविकहो, दत्तगुरूंची तसबीर आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे. तीन शिरे, सहा हात, पायांशी चार कुत्री, मागे औदुंबर आणि त्याच्या सावलीत उभी असलेली गाय. कुत्री म्हणजे चार वेद, गाय म्हणजे पृथ्वी, कोणी तिला कामधेनू म्हणतात. हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आज दत्तजयंतीच्या निमित्ताने एकच प्रश्न विचारतो. त्या गाईकडे जरा नीट बघा. भरल्या कासेची, दुभती गाय आहे. मग तिचे वासरू कुठे आहे?

बहुतेक तसबिरींत वासरू दिसत नाही. कीर्तनात याचे एक गोड उत्तर मिळते, की वासरू म्हणजे आपण भक्त. उत्तर खोटे नाही. पण या उत्तराने आपली सुटका फार लवकर होते, बरं का! आपण वासरू झालो की आपल्याला फक्त प्यायचे उरते, कुणाला पाजायचे उरत नाही. म्हणून आज दुसरे उत्तर मनात धरून बघू. त्या गाईचे वासरू दत्तगुरूंनी आपल्या गोठ्यात ठेवले आहे. त्याला कसे सांभाळतो, यावर आपली भक्ती तोलली जाणार आहे.

हे मी उगीच म्हणत नाही. आपण देवाला भक्तवत्सल म्हणतो. 'वत्स' म्हणजे वासरू आणि 'वत्सल' म्हणजे जिचा जीव आपल्या वासरात गुंतलेला आहे ती. वात्सल्य हा शब्दच मुळी गोठ्यातून आला आहे. देवाच्या प्रेमाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा आपल्या पूर्वजांनी राजवाड्याकडे पाहिले नाही. नुकत्याच व्यालेल्या गाईकडे पाहिले, आणि ती जशी वासराला चाटते तसा देव भक्ताला जपतो असे म्हटले.

आणि दत्तजन्माची कथा तरी काय आहे? ब्रह्मा, विष्णू, महेश अतिथी होऊन अत्रींच्या आश्रमात आले. सती अनसूयेची परीक्षा घ्यायची म्हणून त्यांनी अवघड अट घालून भिक्षा मागितली. माऊलीने पतीचे तीर्थ शिंपडले आणि तिघांची तान्ही बाळे झाली. मग तिने काय केले? त्यांना पदराखाली घेतले, पाजले, पाळण्यात निजवले. परीक्षा घ्यायला आलेला देव तिच्या हाती लहान आणि दुबळा होऊन पडला, आणि तिने सगळ्यात आधी त्याचे पोट भरले. मार्गशीर्ष पौर्णिमेला सांजेच्या वेळी आपण जो पाळणा हलवतो, तो याच प्रसंगाचा. ज्याला स्वतःला उभे राहता येत नाही, ज्याला मागता येत नाही, त्याला वेळेवर पाजणे, हे दत्तजयंतीचे मूळ आहे.

आता हे सगळे सोनारीच्या मातीत आणून बघू.

परंडा तालुक्यातले सोनारी हे काळभैरवनाथाचे गाव. चैत्रातल्या यात्रेला ज्यांचे येणे झाले असेल त्यांना देवळाचा परिसर आठवत असेल आणि तिथली माकडेही आठवत असतील. भाविक नारळाचा तुकडा, फुटाणे, शेंगदाणे त्यांच्यापुढे करतात. भैरवनाथाचे वाहन कुत्रा, आणि दत्तगुरूंच्या पायांशीही कुत्रीच. कार्तिक वद्य अष्टमीला कालभैरव जयंती होते आणि तिथून तीन आठवड्यांनी दत्तजयंती येते. दोन्ही देव जवळचे, दोघांनीही मुक्या जिवाला जवळ बसवून घेतलेले. असल्या गावच्या माणसाला 'मुक्या जनावरावर दया करा' हे वेगळे सांगायला नको.

हा भाग कमी पावसाचा. शेतीने हात दिला नाही तर दुधावर घर चालते. भूम-परंड्याकडे खव्याच्या भट्ट्या आहेत, कुंथलगिरीच्या खव्याचे नाव तर लांबवर गेलेले आहे. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात या पट्ट्यात चारा छावण्या पडल्या, तेव्हा माणसे आपल्या जित्राबांसोबत छावणीत राहिली, तिथेच जेवली, तिथेच निजली. तेव्हा इथल्या शेतकऱ्याला जनावराची माया नाही असे कोण म्हणेल? माया आहे. पण माया आणि सेवा यांत एक फरक असतो. माया पोटात असते, सेवा वेळेवर करावी लागते. वेळ चुकली की डोळ्यांत पाणी आणून उपयोग होत नाही.

डोळ्यांपुढे आणा. मार्गशीर्षातली थंडी, वस्तीवरचा पत्र्याचा गोठा, पहाटेचे तीन वाजलेले. गाय व्याली आहे. वासरू ओलेचिंब, थरथरते आहे, मान टाकून पडले आहे. बॅटरीच्या उजेडात सासू-सुना उभ्या आहेत.

सून म्हणते, "आत्या, पाजू का चीक? लई गळपटलंय वासरू."

सासू म्हणते, "थांब गं पोरी, वार पडू दे आधी. वार पडल्याबिगर पाजत नसतेत."

हे एका घरचे बोलणे नाही, घरोघरचे आहे. ती सासू काही निर्दय नाही. तिच्या सासूने तिला तसेच सांगितले होते. पण याच एका वाक्यापायी किती वासरे आठ दिवसांच्या आत गेली असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. म्हणून आज हे वाक्य आपण सगळ्यांनी मिळून मोडू या.

माणसाच्या बाळाला आईच्या उदरातच, वारेतून, रोगाशी लढायची काही शक्ती मिळते. गाईच्या वासराचे तसे नसते. गाईची वार वेगळ्या घडणीची, तिच्यातून ही शक्ती वासरापर्यंत पोचत नाही. वासरू जन्माला येते ते अगदी उघडे, रोगापुढे निःशस्त्र. त्याचे सगळे चिलखत आईने चिकात भरून ठेवलेले असते. आणि ते चिलखत घ्यायचे दारही फार थोडा वेळ उघडे असते. वासराच्या आतड्यातून चिकातली ही शक्ती रक्तात उतरते ती पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त. तासागणिक ती वाट अरुंद होत जाते आणि सुमारे २४ तासांत बंद होते. दुसऱ्या दिवशी घागरभर पाजली तरी पोट भरेल, चिलखत मिळणार नाही.

म्हणून पहिला चीक जन्मल्यापासून अर्ध्या-एक तासाच्या आत पोटात गेला पाहिजे. पहिल्या दिवसात किती? वासराच्या वजनाच्या साधारण एक दशांश. २५ किलोचे वासरू असेल तर दिवसभरात मिळून अडीच लिटर, तीन-चार वेळा विभागून. वासराला उभे करून सडाला लावा. उभे राहत नसेल तर चीक काढून कोमट असतानाच स्वच्छ बाटलीने किंवा बोट चोखायला देत भांड्याने पाजा. एक मात्र करू नका. मान वर धरून नळ्याने घशात ओतू नका. अशक्त वासराला ठसका लागतो, चीक फुफ्फुसात जातो आणि वाचवायला गेलो तो हातचा जातो. ते चोखतच नसेल तर पशुवैद्यकाला बोलवा. त्यांच्याकडे नळी घालून पाजायची रीत असते.

आता त्या सासूबाईंच्या वारेचे काय? इथे देवाची करणी बघण्यासारखी आहे. वासरू सडाला तोंड लावते, ढुशी देते, तेव्हा आईला पान्हा सुटतो. ज्या संप्रेरकाने पान्हा सुटतो त्यानेच गर्भाशयही आकसते आणि वार सुटायला मदत होते. म्हणजे वार पडायची वाट बघत वासराला उपाशी ठेवायचे, हे उलटे झाले. वासरू प्याले तर वार लवकर पडायची शक्यता जास्त. आई वासराला वाचवते आणि वासरू आईला मोकळे करते. दोघांपैकी एकाला बाजूला ठेवून दुसऱ्याची सेवा होत नाही. देव-भक्ताचे नाते सांगायला मला तरी याहून चांगला दृष्टांत माहीत नाही. आपल्याला वाटते फक्त भक्तालाच देवाची गरज असते. पण भक्त जवळ आल्याशिवाय देवालाही पान्हा फुटत नाही.

आता आईकडे बघू. वार साधारण आठ ते बारा तासांत पडावी. तोवर पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा. लोंबणाऱ्या वारेला दगड बांधणे, जुनी चप्पल बांधणे, हाताने ओढणे हे प्रकार अजूनही कुठे कुठे चालतात. त्याने आत जखम होते, गर्भाशय बाहेर येऊ शकते, गाय कायमची उलटू लागते. पडलेली वार गाईला खाऊ देऊ नका, खोल पुरून टाका. जास्त दुधाच्या गाईचे पहिले तीन दिवस विशेष जपण्याचे. ती बसून राहिली, कान गार पडले, मान मागे वळवून कुशीवर टाकली, तर तो दुग्धज्वर असू शकतो. नाव ज्वराचे असले तरी अंग थंड असते. चिकाबरोबर अंगातले कॅल्शियम उतरून गेलेले असते. डॉक्टरांनी शिरेतून सावकाश कॅल्शियम दिले की अनेकदा तीच गाय थोड्या वेळात उठून उभी राहते. उशीर केला तर मात्र हाती काही राहत नाही. म्हणून 'सकाळ होऊ द्या, बघू' असे म्हणू नका.

वासराची नाळ हे रोगाचे उघडे दार आहे. अंगापासून दोन-तीन इंचांवर स्वच्छ दोऱ्याने बांधून, नव्या ब्लेडने कापून, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. पुढचे दोन-तीन दिवस पुन्हा आयोडीन लावा. शेण, माती, राख तिथे लावू नका. नाळ पिकली की पू रक्तात जातो, सांधे सुजतात, वासरू लंगडते आणि झिजत जाते. जन्मताच नाकातोंडातला चिकटा पुसा. आईला चाटू द्या. त्या चाटण्याने वासराचे रक्त खेळते आणि आईची त्याच्याशी ओळख पटते. थंडीत खाली कोरडा पाचोळा किंवा भुसा पसरा, वर गोणपाट घाला. ओली जमीन आणि वाऱ्याचा झोत, हे हिवाळ्यात वासराचे मोठे वैरी.

इतके करूनही वासरू आजारी पडू शकते. पहिल्या आठवड्यात पांढरी हगवण लागते. पातळ, घाण वासाचे शेण, शेपटी भरलेली, डोळे खोल गेलेले, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते. हगवणीत वासरू मरते ते बहुतेक वेळा अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने. म्हणून डॉक्टर येईपर्यंत जलसंजीवनी द्या. उकळून कोमट केलेले पाणी, त्यात पुडीतली पावडर, दर काही तासांनी थोडे थोडे. दुधात कालवू नका, दोन दुधांच्या मधल्या वेळेत वेगळे पाजा. दूध मात्र पूर्ण तोडू नका, थोडे थोडे द्या. आधीच अशक्त झालेला जीव उपाशी ठेवून बरा होत नाही. वासराला इतर वासरांपासून वेगळे बांधा. त्याच्याजवळून आल्यावर हात धुऊन मगच दुसऱ्याला हात लावा. औषध-इंजेक्शन डॉक्टरांनी ठरवावे. शेजाऱ्याच्या गोठ्यातली उरलेली बाटली आपल्या वासराची नसते.

"महाराज, मग अंगारा लावायचा का नाही?" असा प्रश्न हमखास येतो. लावा की! भैरवनाथाचा अंगारा लावा, दत्तगुरूंचे नाव घ्या, कपाळाला बोट टेकवा. पण अंगारा लावून झाला की त्याच हाताने फोन उचला. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक आहे, गावाजवळचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे. अंगाऱ्याने आपल्या मनाला धीर येतो. वासराच्या अंगातले गेलेले पाणी मात्र पाण्यानेच भरावे लागते. देवाने अंगाराही दिला आणि सलाईनही दिले. एक घेऊन दुसरे नाकारणारा माणूस देवाला अर्धेच मानतो.

आठवा, २०२२ साली लम्पी त्वचारोग राज्यभर पसरला. अंगावर गाठी, पायांना सूज, ताप. जनावरांचे बाजार बंद झाले. लहान वासरे त्यात सहज बळी पडली. त्या दिवसांत किती जणांनी ग्रामदैवताला नारळ फोडले आणि त्याच वेळी दारात आलेल्या लस टोचणाऱ्यापुढे आपली गाय धरून उभे राहिले! शेळ्यांच्या देवीवरची लस गाईला मोफत टोचली गेली आणि पुष्कळ गोठे तरले. नारळ फोडणे आणि गाय धरून उभे राहणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या, आणि त्याला त्यात काही विसंगत वाटले नाही. ते बरोबरच होते.

आता जरा कडू बोलतो. रागावू नका.

आजारी कालवडीसाठी माणूस रात्र जागवतो. उद्या ती दूध देणार आहे. पण संकरित गाईला गोऱ्हा झाला तर? शेत ट्रॅक्टरने नांगरले जाते, त्या गोऱ्ह्याला औताला कोण घेणार? मग काय होते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला कुणी मारत नाही. फक्त पाजत नाही. पहिला चीक खरवसाला जातो, नंतरचे दूध विकायला जाते, आणि गोऱ्हा कोपऱ्यात बांधलेला असतो. चार-आठ दिवसांत हगवण लागते आणि तो 'आपोआप' जातो. घरात कुणी पाप केल्याचे कुणाला वाटत नाही. असे 'आपोआप' मरण ज्या घरात होते तिथे दत्तगुरूंची तसबीर भिंतीवर असते आणि तिला रोज उदबत्तीही लागते. मनाला विचारा, त्या तसबिरीतली गाय ते कशी बघत असेल?

गरिबी आहे, मान्य आहे. चाऱ्याचे भाव, पेंडेचे भाव आणि दुधाचा दर यांचा मेळ बसत नाही, तेही खरे. हल्ली कालवडच व्हावी म्हणून वेगळ्या केलेल्या वीर्यमात्रा मिळतात, तो विचार गाय भरवण्याआधी जरूर करा. पण एकदा जीव जन्माला आला की त्याचा चीक त्याचाच. आणि हिशेबानेही बघा. पहिल्या तीन-चार दिवसांचा चीक डेअरी घेत नाही, तापवला की तो फाटतो. म्हणजे तो वासराला दिल्याने तुमचा डेअरीचा पगार एक रुपयानेही कमी होत नाही. देवाने चीक असा केला आहे की तो विकायला सोयीचा नसावा आणि वासराच्या पोटातच जावा.

शास्त्रही हेच सांगते. व्यालेल्या गाईचे पहिल्या दहा दिवसांचे दूध धर्मशास्त्राने माणसाला वर्ज्य ठरवले. आपण त्याला सोयर म्हणतो आणि म्हणून ते दूध देवाला चालत नाही असे म्हणतो. देवालाही चालत नाही, मग कुणाला चालते? उत्तर गोठ्यात बांधलेले आहे. वसुबारसेला आपल्या बायका गाय-वासराची पूजा करतात आणि त्या दिवशी गाईचे दूध-तूप घेत नाहीत. दिवसभराचे का होईना, त्यातून हेच शिकवले आहे, की हक्क आधी वासराचा. आता कुणी म्हणेल, मग खरवस खायचाच नाही का? वासराचे पोट भरून जो उरतो त्याचा खरवस करा आणि आनंदाने खा. वासरू उपाशी ठेवून केलेल्या खरवसाचा नैवेद्य मात्र देवापुढे ठेवू नका.

गुरुचरित्रातली वांझ म्हशीची कथा तुम्ही पारायणात दरवर्षी वाचता, २२ वा अध्याय. गाणगापुरात श्रीनृसिंह सरस्वती महाराज श्रीमंतांची घरे सोडून एका गरीब ब्राह्मणाच्या दारी भिक्षेला गेले. त्या घरी एक म्हातारी, दात पडलेली वांझ म्हैस होती, मातीची ओझी वाहणारी. श्रीगुरूंनी नेमके तिचेच दूध मागितले, आणि तिला पान्हा फुटला. आपण चमत्काराशी थांबतो. मला त्याआधीचे दिसते. म्हैस वांझ होती, म्हातारी होती, तरी ती त्या घरच्या दावणीला होती. दावण रिकामी असती तर गुरूंनी दूध मागितले असते कुणाचे? ज्या घरात निरुपयोगी जिवाला जागा आहे, तिथे गुरू भिक्षेला येतात.

आपल्याच मराठवाड्यातले नाथमहाराज, दत्तभक्त जनार्दनस्वामींचे शिष्य. भागवताच्या अकराव्या स्कंधावर त्यांनी टीका लिहिली आणि १५७३ साली काशीत ती पूर्ण केली. याच स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत कबूतर आहे, अजगर आहे, मासा आहे, हरीण आहे, कोळी आहे, कुंभारमाशीसुद्धा आहे. आणि ते नुसते लिहून नाथमहाराज थांबले नाहीत. रामेश्वराला वाहायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही कथा आपण लेकरांना सांगतो. गाढव काही दूध देणारे नव्हते. ते बरे होऊन नाथांच्या कामी येणारही नव्हते. पण पाण्याची वेळ होती ती तीच. तो गोऱ्हा आपल्या गोठ्यातले तेच गाढव आहे.

एक गोष्ट राहिली. सगळे वेळेवर केले, चीक पाजला, डॉक्टर आले, रात्र जागून काढली आणि तरी वासरू गेले, तर? असे होते. तेव्हा घरात कुजबुज सुरू होते, "देवाचं काहीतरी चुकलं असंल," "कुणाची नजर लागली." माझ्या मायबहिणींनो, असे मनाला लावून घेऊ नका. दत्तगुरू वासरू घेऊन वसुली करणारे सावकार नाहीत. ज्याने शेवटपर्यंत वासराचे डोके मांडीवर धरले, त्याची सेवा पोचली. वासरू ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकू नका. खोल खड्डा करा, चुना टाका, पुरा आणि हात जोडा. गोठा धुऊन घ्या, पाण्याची भांडी स्वच्छ करा, म्हणजे पुढच्या वासराला तो रोग लागणार नाही.

आणि मागे राहिलेल्या आईला विसरू नका. ती दोन-चार दिवस हंबरते, दाराकडे बघते, वैरणीला तोंड लावत नाही. तिच्याजवळ थोडा वेळ बसा, पाठीवरून हात फिरवा, रोजच्या माणसानेच धार काढा, कास मोकळी करा. दुधासाठी तिला चोरून पान्ह्याचे इंजेक्शन टोचू नका. तिचे रडणे दोन दिवस चालू द्या. माणसाच्या घरी दुःख झाले तर आपण दहा दिवस जातो, तिला दोन दिवस द्यायला काय हरकत आहे?

यंदाच्या दत्तजयंतीला एवढा संकल्प करू. ज्याच्या दावणीला गाभण गाय आहे त्याने देव्हाऱ्याजवळ आयोडीनची बाटली, स्वच्छ दोरा, नवे ब्लेड आणि जलसंजीवनीच्या दोन पुड्या आजच आणून ठेवाव्यात. १९६२ हा क्रमांक गोठ्याच्या खांबावर खडूने लिहावा. घरातल्या वडीलधाऱ्यांनी नव्या सुनांना सांगावे की वारेची वाट बघायची नाही. आणि ज्याच्याकडे गाय नाही त्याने शेजारच्या वस्तीवर मध्यरात्री गाय व्याल्याचे कळले तर बॅटरी घेऊन जावे, वासराला उभे करायला एक हात लावावा. पारायण चालू असले तरी जावे. त्याची पोथी त्या रात्रीपुरती बांधून ठेवली तर दत्तगुरू काही म्हणणार नाहीत. उलट तो गोठ्यात पोचण्याआधी ते तिथे पोचलेले असतील.

कालवड असो की गोऱ्हा, पहिला चीक वासराचा.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!
भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!